दुपारी बारा ते साडेतीन : पट मांडा, आईलाही बसवा

(सामुदायिक रेडिओवर घिवलीच्या महिलांनी केलेलं भाषण)

आम्ही घिवलीच्या बायका बोलतोय. पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, दांडी, नवापूर, मुरबे, जिथून कुठून तुम्ही ऐकत असाल तिथे जरा सावलीत बसा आणि आधी एक पेला पाणी प्या. मग ऐका.

आज आम्ही उन्हाळ्यातल्या बैठ्या खेळांबद्दल बोलणार आहोत. सारीपाट, चल्लस-आठ, नवकंकरी, सापशिडी, ल्युडो, व्यापार, हे आपल्या आज्यांच्या पेटीतले आणि आपल्या लहानपणच्या सुट्टीतले खेळ. तुमच्यातली एखादी म्हणेल, मे महिना म्हणजे कामाचा डोंगर. मसाला कुटायचाय, पापड-कुरडया घालायच्यात, पावसाळ्याच्या बेगमीला बोंबील, मांदेली, करंदी सुकवायचीय, जूनला मासेमारी बंद होईल त्याआधी होईल तेवढं करून ठेवायचंय, आणि ह्या बायकांना खेळ सुचतायत. बरोबर आहे. ह्या कामामुळेच आम्हाला हा विषय घ्यावासा वाटला. उन्हाच्या लाटेत दुपारचे तीन-साडेतीन तास घरात सावलीला बसणं हे औषध आहे, आणि ते औषध घरातल्या बाईला सहसा मिळत नाही. पट मांडला तर ते कसं मिळतं, तेच सांगायचंय.

आधी उन्हाचं बघू. समुद्रकाठी राहणाऱ्यांचा एक समज असतो की आपल्याकडे वारा आहे, ऊन काय ते विदर्भात. हवामान खातं काय सांगतं बघा. सपाट प्रदेशात पारा 40 अंशांच्या पुढे जावा लागतो, तेव्हा उष्णतेच्या लाटेचा विचार होतो. किनारपट्टीला मात्र 37 अंश पुरेत, आणि ते नेहमीच्या तापमानापेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले की इशारा येतो. आपल्यासाठी आकडा कमी ठेवलाय, कारण आपल्या हवेत दमटपणा आहे. अंगाला घाम येतो, पण तो वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. नुसता निथळत राहिला तर अंगातलं पाणी आणि मीठ जातं, आणि उष्णता आतच राहते. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मोकळ्या मैदानावर दुपारच्या उन्हात लोक बसले होते. उष्माघाताने त्यातल्या 14 जणांचा जीव गेला. खारघर काही वाळवंटात नाही, ते आपल्या कोकणपट्टीतच आहे.

म्हणून सगळे सांगतात की दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका. हा सल्ला बरोबरच आहे. पण आपल्या घरात तो कसा पाळला जातो? मुलं घरात येतात आणि मोबाईल घेऊन आडवी होतात. पहिल्या पाळीचा माणूस अडीच-तीनला कंपनीतून येतो, जेवतो आणि झोपतो. आजोबा पडवीत खाटेवर असतात. आणि बाई? तीही घरातच असते, पण चुलीपुढे. बारा वाजता भाकरी टाकायची, एकला वाढायचं, दोनला भांडी, मग अंगणात जाऊन मासळी उलटायची, मिरच्यांवर हात फिरवायचा, कावळे हाकायचे. पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असला की आतलं ऊन बाहेरच्यापेक्षा वाईट. त्यात आपल्याला अजून एक खोड आहे. पुन्हा पुन्हा मोरीत जावं लागू नये म्हणून आपण पाणीच कमी पितो. बाजारात पाटी घेऊन बसणारी तर सकाळपासून घोटभर पाण्यावर असते, कारण जायला धड जागा नसते.

तिला नुसतं 'बस गं जरा' म्हटलं तर ती बसत नाही. बसली तरी हातात लसूण घेऊन बसते. रिकामी बसलेली बाई लोकांच्या डोळ्यांत येते, आणि आपल्या स्वतःच्याही मनाला ते पटत नाही. पण चौघांचा डाव मांडलाय, तीन भिडू बसलेत, चौथी जागा रिकामी आहे आणि सगळे हाका मारताहेत, असं झालं की ती पदराला हात पुसत येते. एकदा बसली की डाव अर्ध्यावर टाकून उठणं बरं दिसत नाही. आमच्या वाडीत आम्ही हे पाहिलंय. विश्रांती घे म्हटल्यावर ज्या बायका ऐकत नव्हत्या, त्या डावासाठी दोन-दोन तास सावलीत बसल्या.

आता खेळ. आम्ही सुरुवात केली ती चल्लस-आठपासून, कारण त्याला पैसा लागत नाही. कुणी ह्याला अष्टा-चंगा म्हणतं, कुणी चौकाबारा. नाव तुमच्या माहेरचं घ्या, खेळ तोच. लादीवर खडूने किंवा सारवलेल्या पडवीत कोळशाने पाच बाय पाच घरांचा चौकोन काढा. पंचवीस घरं झाली. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली मारा आणि अगदी मधोमध एक फुली. कडेच्या चार फुल्या म्हणजे चार भिडूंची घरं, तिथे कुणी कुणाला मारू शकत नाही. मधली फुली म्हणजे शेवट.

फाशांना चार कवड्या. कवड्या नसतील तर चार चिंचोके घ्या आणि एका बाजूने खरखरीत दगडावर घासून पांढरे करा. टाकल्यावर जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकं दान. एक, दोन, तीन, चार. चारही काळे पडले तर आठ. चार किंवा आठ पडलं की पुन्हा एकदा टाकायचं. सोंगट्या प्रत्येकीच्या चार. एकीने शिंपले घ्यावेत, दुसरीने फुटक्या बांगडीचे तुकडे, तिसरीने बटणं, चौथीने खडे. किनाऱ्यावर राहतो आपण, शिंपल्यांना काय तोटा.

आपल्या फुलीवरून निघायचं ते उजव्या हाताकडे. बाहेरची सोळा घरं फिरून आपल्या फुलीच्या एक घर अलीकडे आलात की वर आतल्या रांगेत शिरायचं, आणि तिथली आठ घरं उलट्या दिशेने फिरायची. आतलं शेवटचं घर बरोबर आपल्या फुलीच्या पुढ्यात येतं, तिथून मध्यात. वाटेत दुसऱ्याच्या घरावर नेमकं आपलं दान पडलं तर त्याची सोंगटी मेली, ती त्याच्या फुलीवर परत. मारणाऱ्याला पुन्हा एक दान. आणि सगळ्यात मोठी अट अशी की एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत शिरता येत नाही. म्हणजे नुसतं जपून खेळून चालत नाही, कुणाला तरी दुखवावंच लागतं. आणि एरवी ज्यांच्यापुढे आवाज निघत नाही त्या आत्याबाईंची सोंगटी सूनबाई जेव्हा मारते, तेव्हा पडवीत जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो. आत्याबाईही मग पुढच्या फेरीत उट्टं काढतात. आमच्या एका घरात सासू-सुनेचं जे बोलणं वर्षभर 'मीठ कुठंय' आणि 'पाणी आलं का' एवढ्यावर चाललं होतं, ते ह्या सोंगट्यांवरून पुन्हा मोकळं झालं.

एक सूचना. कुणाच्या घरी रात्रपाळीचा माणूस दुपारी झोपलेला असेल तर चिंचोके लादीवर टाकू नका, जुन्या चादरीवर टाका, आवाज होत नाही. कॅरम त्या घरी संध्याकाळी. स्ट्रायकरचा टणका झोपलेल्याच्या कानात बसतो आणि मग भांडण खेळावरून सुरू होऊन कुठल्या कुठे जातं.

दुसरा खेळ नवकंकरी. तो दोघींचा आहे. एकात एक तीन चौकोन काढायचे आणि चारही बाजूंच्या मध्यावर ते रेघेने जोडायचे. चोवीस ठिकाणं तयार होतात. प्रत्येकीच्या हातात नऊ खडे. आळीपाळीने एकेक ठेवायचा. तिघांची सरळ रांग जुळली की समोरचीचा एक खडा उचलायचा. नऊही ठेवून झाले की शेजारच्या मोकळ्या ठिकाणी सरकवत जायचं. जिच्याकडे दोनच उरले ती हरली. हा खेळ किती जुना आहे म्हणून विचाराल तर जगात अनेक देशांत दगडांवर त्याचे पट कोरलेले सापडतात. आपल्याकडे नाशिकच्या पांडवलेण्यांच्या दगडातही जुन्या खेळांचे पट कोरलेले आढळलेत. लेणी थंड असतात, हे तिथे जाऊन आलेल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथे टेकलेल्या कुणा वाटसरूने किंवा कारागिराने वेळ घालवायला ते कोरले असतील.

तिसरा सारीपाट. कापडाचा पट असतो, अधिकच्या खुणेसारखा. चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात आठ-आठ घरांच्या तीन रांगा, म्हणजे एकूण 96 घरं आणि मध्ये चौक. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. कवड्यांनी खेळला तर पचिशी, लांबट फाशांनी खेळला तर चौसर. आपल्यापैकी कुणाच्या आजीच्या ट्रंकेत असा पट घडी करून ठेवलेला असेल तर काढा आणि एकदा वारा द्या. नसेल तर जुन्या साडीच्या जाड काठाचा आणि फॉलच्या उरलेल्या पट्ट्यांचा शिवता येतो. आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या दोघींनी दोन दुपारींत एक शिवला. मुलांनी त्यावर घरं मोजून बटणं लावली.

ह्या सारीपाटाचंच पुढे ल्युडो झालं. पचिशीवरून इंग्रजांनी सोपा खेळ बेतला, एकच सहा बाजूंचा फासा ठेवला आणि 1896 मध्ये इंग्लंडात त्याचं पेटंट घेतलं. मग तोच खेळ पुठ्ठ्याच्या डब्यात बसून आपल्याकडे परत आला. सापशिडीचंही तसंच. आपल्याकडे त्याला मोक्षपट म्हणायचे. हा पट ज्ञानेश्वर-निवृत्तीनाथांनी मुलांसाठी केला असं परंपरा मानते. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर. जन्माच्या घरातून निघायचं आणि मोक्षाला पोचायचं. इंग्लंडात गेल्यावर मोक्ष गळला आणि 100 चा आकडा उरला. घरी सापशिडी असेल तर एकदा असं करून बघा. प्रत्येक सापाला घरातल्या सगळ्यांनी मिळून एक नाव द्या. आमच्याकडे मुलांनी 98 वरच्या सापाचं नाव 'दुपारी बारा वाजता क्रिकेट' ठेवलं आणि एका छोट्या शिडीचं 'आईला पाणी आणून दिलं'.

व्यापार हा खेळ तर आपल्या सगळ्यांच्या सुट्टीतला. मुंबई विकत घ्यायची, भाडं वसूल करायचं, तुरुंगात जायचं. त्याचं मूळ अमेरिकेतल्या मोनोपॉलीत आहे. 1935 मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने तो खेळ बाजारात आणला आणि बरीच वर्षं लोकांना वाटत होतं की एका पुरुषाने तो शोधला. पण त्याआधी 1904 मध्ये लिझी मॅगी नावाच्या बाईने तशाच खेळाचं पेटंट घेतलं होतं. जमिनी मूठभरांच्या हातात गेल्या की बाकीचे भाडं भरून भरून कसे कफल्लक होतात, हे लोकांना खेळातून कळावं म्हणून तिने तो केला होता. तिचं पेटंट 500 डॉलरला विकत घेतलं गेलं आणि नाव मागे पडलं. बोईसरच्या आसपास राहणाऱ्यांना जमिनीची ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मुलांबरोबर व्यापार खेळताना लिझी मॅगीचं नाव घ्या, आणि ज्याच्याकडे एकही जागा उरली नाही त्याला कसं वाटतंय ते विचारा.

पटावर बाईची जागा पहिल्यापासून आहे, मैत्रिणींनो. वेरूळच्या 21 नंबरच्या लेण्यात शिव आणि पार्वती फासे खेळताना कोरलेत. पार्वती तिथे शेजारी उभी राहून वारा घालत नाही, ती समोर बसून खेळतेय. बुद्धिबळाचं बघा. महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा 1974 ला सुरू झाली, तेव्हापासून पहिली दहा वर्षं विजेतेपद मुंबईच्या खाडिलकर भगिनींच्या घरातच राहिलं. वासंती, जयश्री आणि रोहिणी. तिघी बहिणी एकाच घरात समोरासमोर बसून खेळत मोठ्या झाल्या. आणि 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. समोर अंतिम फेरीत आपल्याच देशाची कोनेरू हंपी होती. नागपूरच्या उन्हाची तर आपल्याला कल्पना आहे. पण आज आपला मुद्दा स्पर्धेचा नाही. तुमची लेक दुपारी डावाला बसली तर तिला 'उठ, भांडी कर' म्हणून मधेच उठवू नका, एवढंच म्हणायचंय. आणि भावाला उठवणार नसाल तर तिला तर नाहीच.

आता आमच्या वाडीत दोन उन्हाळे चाललेले काही नियम सांगतो. तुम्हाला पटतील ते घ्या.

पहिला, स्वयंपाक सकाळी दहाच्या आत. दुपारी ताजी भाकरी लागतेच असं म्हणणाऱ्याने ती स्वतः भाजावी. ह्यावर घराघरात थोडी कुरकुर झाली. आठवडाभरात सकाळच्या भाकरीची, ताकाची, कैरीच्या डाळीची सवय झाली. उन्हाळ्यात आंबील, पन्हं, कोकम सरबत आणि ताडगोळे असताना दुपारी गरम खायची तशी इच्छाही नसते. फक्त कालवण सकाळचं असेल तर ते झाकून थंड जागी ठेवा, मासळीचं असेल तर दुपारपुढे ठेवू नका.

दुसरा नियम, पट सगळ्यात थंड घरात मांडायचा. कौलारू घर, सारवलेली पडवी, मागे चिंच किंवा आंबा असेल तर उत्तम. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांना आवर्जून बोलवायचं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि पोटुशीला. त्या आपणहून येत नाहीत, 'कशाला तुम्हाला त्रास' म्हणतात. 'एक भिडू कमी आहे' असा निरोप पाठवला की येतात.

तिसरा, मध्ये पाण्याचा माठ किंवा कळशी. ज्याची सोंगटी मेली त्याने एक पेला पाणी प्यायचं, आणि ज्याने मारली त्यानेही. तासाभरात कुणी लक्षात न ठेवता चार-पाच पेले पोटात जातात. डाव लांबला तर साखर-मिठाचं पाणी करा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

चौथा, पैसा लावायचा नाही. एक रुपयासुद्धा नाही. फाशांवर राज्य गेलं आणि द्रौपदी पणाला लागली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. आजच्या काळात ती मोबाईलवर घडत होती. रमीच्या आणि ल्युडोच्या नावाखाली पगार जात होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. आपल्या पडवीत ती सवय दुसऱ्या दाराने येऊ द्यायची नाही. चुरस हवी असेल तर काम लावा. हरणाऱ्याने संध्याकाळचा चहा करायचा आणि कप धुवायचे. आमच्या वाडीतल्या दोन मुलांना उत्तम चहा येतो तो ह्यामुळे.

पाचवा, मासळीची राखण पाळीने. उन्हात वाळत घातलेलं सोडून घरात बसता येत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण सगळ्यांनी सगळा वेळ बसायची गरजही नाही. मासळी सकाळी नऊला आणि मग ऊन उतरल्यावर चारला उलटायची. मधल्या वेळात सावलीतून लक्ष ठेवायचं. चार घरांची मासळी शेजारी-शेजारी घालायची आणि अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावायची. पाळी पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनीही घ्यायची. टोपी किंवा ओला रुमाल डोक्यावर.

सहावा, लहान पोरं कच्चा लिंबू. त्यांना दान टाकू द्यायचं, सोंगटी मेली तरी परत ठेवू द्यायची, पण रडीचा डाव मोठ्यांनी खेळायचा नाही. आणि आजीला पंच करायचं. जिला डोळ्यांनी नीट दिसत नाही तिलाही दान किती पडलं ते चिंचोक्यांवरून हात फिरवून कळतं, घासलेली बाजू खरखरीत लागते. आमच्याकडची एक आजी दिवसभर कुणाशी बोलायची नाही. तिला चल्लसचे नियम विचारले तर तिने आम्हाला येत नव्हते असे तीन नियम सांगितले आणि आमचा आधीचा निकाल फिरवला.

हे सगळं बोलताना आम्हाला ठाऊक आहे की ज्यांना दुपारी बसताच येत नाही अशा बायका आपल्या आसपास पुष्कळ आहेत. वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या, कंपनीत कंत्राटावर जाणाऱ्या, पाड्यावरून डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या. त्यांच्यासाठी पट मांडून भागणार नाही, त्यांच्या कामाची वेळ बदलायला हवी. काम सकाळी सहाला सुरू करा, बारा ते साडेतीन थांबवा, सावली आणि पाणी द्या, हे ज्यांच्या हातात आहे त्यांना सांगायचं काम आपलं. ग्रामसभेत मागा. अहमदाबादेत 2010 च्या मे महिन्यात उन्हाने फार माणसं गेली, त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उन्हाळ्याचा आराखडा केला. इशारा कधी द्यायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, पाणी कुठे ठेवायचं, सगळं लिहून काढलं. शहर करू शकतं तर गावाने निदान एक थंड जागा ठरवावी. शाळेची खोली, समाजमंदिर, देवळाचा सभामंडप. दुपारी ती उघडी ठेवा, माठ भरा आणि एक पट ठेवा. दारावरून विकत जाणारी मावशी अर्धा तास तिथे टेकेल.

एक गोष्ट खेळाच्या नादात विसरू नका. कुणाचं डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय, पायात गोळे येताहेत, तर डाव थांबवा, तिला आडवं करा, कपडे सैल करा, पाणी द्या. आणि कुणी बरळायला लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपतेय असं वाटलं, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच 108 ला फोन करा, गाडी येईपर्यंत सावलीत आणून अंगावर पाणी ओता, ओली फडकी ठेवा, वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता एक काम सांगतो. उद्या दुपारी बारा वाजता तुमच्या घरी पट मांडा. घरातली माणसं मोजा आणि पटाभोवती बसलेली मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर कमी कोण आहे ते बघायला स्वयंपाकघरात जा. गॅस बंद करा. तिच्या हातातली पळी घ्या आणि तिच्या सोंगट्या तिला निवडू द्या. कामं राहतील थोडी. साडेतीननंतर सगळ्यांनी मिळून केली तर अंधार पडायच्या आत होतात, आम्ही करून पाहिलंय.

तुमच्या गावात ह्या खेळांना काय म्हणतात, तुमच्या आजीचा कुठला नियम आमच्यापेक्षा वेगळा आहे, ते आम्हाला जरूर कळवा. मुरब्यात एक आणि चिंचणीत दुसरा नियम असेल तर दोन्ही सांगू, आणि भांडण पडवीत बसून मिटवू.

पाणी प्या. सावलीत राहा. नमस्कार.